लाईट गेली, अपडेट अर्धवट राहिलं, बोर्ड बंद! एम्बेडेड लिनक्सचा बोर्ड खरंच 'मरतो' का?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. सकाळी दहाला फायनल इयरच्या प्रोजेक्टची व्हायवा. टेबलावर एटीएम कार्डाएवढा एक काळा बोर्ड, त्याला लटकलेल्या वायरी, आणि गेल्या चार महिन्यांची मेहनत त्यातल्या एवढ्याशा मेमरीत. सगळं व्यवस्थित चालू आहे. तेवढ्यात ग्रुपमधला एक जण म्हणतो, "झोपायच्या आधी एकदा अपडेट मारून घेऊ."

अपडेट सुरू होतं. स्क्रीनवर ओळी पळू लागतात. आणि लाईट जाते.

वीस मिनिटांनी लाईट येते. बोर्डचा पॉवरचा दिवा लागतो, पण पुढे काहीच नाही. नेटवर्कवर दिसत नाही, स्क्रीन काळी. ग्रुपवर मेसेज पडतो : बोर्ड गेला.

आता मुद्द्याचं. अशा वेळी दहापैकी नऊ जण घाबरून एक चूक करतात, आणि खरं नुकसान त्या चुकीमुळे होतं. बोर्ड बहुतेक वेळा गेलेला नसतो. तो सुरू होताना पाच टप्पे असतात आणि त्यातला एक टप्पा अडलेला असतो. कुठला अडलाय ते ओळखता आलं, तर बोर्डही वाचतो आणि प्रोजेक्टही.

म्हणून आज हे सगळं पहिल्यापासून समजून घेऊ. लिनक्स बोर्डवर चढतं कसं, बूट कसं होतं, अपडेटमध्ये नेमकं कुठे फसतं आणि फसलं तर बाहेर कसं पडायचं.

एम्बेडेड लिनक्स म्हणजे काय?

लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर घरातला पीसी होता. आज मात्र लिनक्स सगळ्यात जास्त चालतं ते ज्यांना आपण कॉम्प्युटर म्हणतच नाही अशा वस्तूंमध्ये. घरातला वायफाय राउटर, सेट-टॉप बॉक्स, स्मार्ट टीव्ही, सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांपैकी बऱ्याच वस्तूंमध्ये आत लिनक्स असतं. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्या कर्नलवरच उभा आहे. इतकंच काय, १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर पहिल्यांदा उडालेल्या नासाच्या 'इन्जेन्युइटी' हेलिकॉप्टरमध्येही लिनक्सच होतं.

एखाद्या ठरावीक कामासाठी बनवलेल्या यंत्राच्या आत बसवलेलं लिनक्स, त्याला म्हणायचं एम्बेडेड लिनक्स.

पण थेट राउटर किंवा टीव्ही बनवायला घेण्याआधी शिकायला, प्रयोग करायला काहीतरी लागतं. तेच काम डेव्हलपमेंट बोर्ड करतो. यात प्रोसेसर, रॅम, मेमरी, यूएसबी, नेटवर्क सगळं एकाच पट्टीवर असतं आणि सेन्सर, मोटर, डिस्प्ले जोडायला पिना बाहेर काढलेल्या असतात. रास्पबेरी पाय हे यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. २९ फेब्रुवारी २०१२ ला तो विक्रीला आला आणि या दुनियेत गर्दी झाली.

आपण मात्र उदाहरण घेऊ बीगलबोन ब्लॅकचं. कारण बूट होण्याचे सगळे टप्पे या बोर्डवर एकेक करून स्वच्छ दिसतात, आणि एकदा ते इथे कळले की बाकीच्या बोर्डांवर फक्त नावं बदलतात.

बोर्डची तोंडओळख

बीगलबोन ब्लॅक एप्रिल २०१३ मध्ये आला. किंमत ठेवली होती ४५ डॉलर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५एक्स जातीचा १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, आणि बोर्डवरच चिकटवलेली ईएमएमसी मेमरी. ही ईएमएमसी आधी २ जीबीची होती, २०१४ च्या 'रेव्ह सी' आवृत्तीपासून ४ जीबीची झाली. शिवाय मायक्रोएसडी कार्डाची खाच आहे.

म्हणजे लिनक्स ठेवायला जागा दोन. एक बोर्डवर पक्की बसवलेली ईएमएमसी, दुसरी काढता-घालता येणारं कार्ड. हे लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ यावरच आहे.

बोर्डवर तीन छोटी बटणं आहेत : रिसेट, पॉवर आणि बूट. बूटच्या बटणाला एस२ म्हणतात आणि ते कार्डाच्या खाचेच्या बाजूला आहे. नेटवर्कच्या सॉकेटशेजारी चार निळे दिवे आहेत. आणि सहा पिनांची एक छोटी रांग आहे, जिच्याकडे नवशिके ढुंकूनही बघत नाहीत. ती सिरीयलची रांग. अडचणीच्या वेळी बोर्ड तिथूनच बोलतो.

बूट होतं म्हणजे नेमकं काय होतं?

आधी 'बूट' या शब्दाची गंमत. हा खरंच पायातला बूट आहे. बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, या अशक्य गोष्टीवरून इंग्रजीत 'बूटस्ट्रॅप' हा शब्द आला आणि तो पुढे 'बूट' झाला.

अशक्य का? कारण कॉम्प्युटरला काहीही करायला प्रोग्रॅम लागतो. प्रोग्रॅम मेमरीतून रॅममध्ये आणायचा, तर ते आणणारासुद्धा एक प्रोग्रॅमच हवा. मग त्याला कोण आणणार? आधी कोंबडी की आधी अंडं!

यावर उपाय म्हणजे हळूहळू वाढत जाणारी साखळी. गावातली शाळा सकाळी कशी उघडते ते आठवा. मुख्याध्यापक येऊन गेट उघडत नाहीत. आधी शिपाई येतो, कुलूप काढतो. मग कोणीतरी खोल्या उघडून दिवे लावतं. मग क्लार्क येऊन रजिस्टर काढतो. मग मुख्याध्यापक आणि शेवटी घंटा होऊन वर्ग सुरू. बोर्डवरही हेच होतं.

टप्पा १ : बूट रॉम. हा आपला शिपाई. चिप कारखान्यात बनतानाच तिच्या आत १७६ केबीचा रॉम कायमचा कोरलेला असतो. तो पुसता येत नाही, बदलता येत नाही, अपडेटही करता येत नाही. वीज आली की प्रोसेसर सगळ्यात आधी हाच चालवतो. याचं काम एकच : ठरलेल्या क्रमाने एकेक जागा तपासायची आणि पुढचा छोटा प्रोग्रॅम कुठे सापडतो ते बघायचं. नेहमीचा क्रम आहे आधी ईएमएमसी, मग कार्ड, मग सिरीयल, मग यूएसबी. पण वीज देताना एस२ बटण दाबून धरलेलं असेल, तर रॉम ईएमएमसीकडे बघतच नाही. त्या वेळी एसपीआय मेमरी, मग कार्ड, मग यूएसबी आणि शेवटी सिरीयल असा क्रम लागतो.

टप्पा २ : एसपीएल. रॉमला बोर्डवरची ५१२ एमबी रॅम वापरताच येत नाही, कारण ती अजून चालू केलेली नसते. त्याच्याकडे असते ती चिपच्या आतली इवलीशी रॅम, ज्यात शंभरेक केबीचा प्रोग्रॅम मावतो. म्हणून पहिला प्रोग्रॅम मुद्दाम छोटा ठेवतात. या बोर्डवर त्या फाईलचं नाव एमएलओ. तिचं मुख्य काम मोठी रॅम चालू करणं आणि पुढच्याला बोलावणं. म्हणजे खोल्या उघडून दिवे लावणं.

टप्पा ३ : यू-बूट. हा आपला क्लार्क, म्हणजे पूर्ण बूटलोडर. जर्मनीच्या वोल्फगांग डेंक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आज जगभरच्या बोर्डांवर चालतो. नावात जर्मन पाणबुडीवरची कोटी आहे, 'यू-बोट'. यू-बूट सेटिंगची फाईल वाचतं, कर्नल कुठे आहे ते शोधतं आणि कर्नल व डिव्हाइस ट्री अशा दोन गोष्टी रॅममध्ये ठेवतं.

ही डिव्हाइस ट्री काय भानगड? लॅपटॉपमध्ये लिनक्स टाकलं की ते बरंचसं हार्डवेअर स्वतःच ओळखतं, कारण पीसीतले भाग विचारल्यावर आपली ओळख सांगतात. एआरएम बोर्डवरचे बहुतेक भाग अशी ओळख सांगत नाहीत. कुठल्या पिनेला काय जोडलंय, कुठली घड्याळं, कुठले पत्ते, हे कर्नलला लेखी द्यावं लागतं. पूर्वी ही माहिती कर्नलच्या कोडमध्येच, प्रत्येक बोर्डसाठी वेगळी लिहायचे. पसारा इतका वाढला की २०११ मध्ये टोर्वाल्ड्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमच्या दुनियेत डिव्हाइस ट्री रूढ झाली. थोडक्यात, हा बोर्डचा सातबारा. चुकीच्या बोर्डचा दिला, तर कर्नल गोंधळणारच.

टप्पा ४ : कर्नल. हे मुख्याध्यापक. प्रोसेसर, मेमरी, ड्रायव्हर सगळ्याचा ताबा घेतात आणि मग रूट फाईल सिस्टीम जोडतात. रूट फाईल सिस्टीम म्हणजे ज्यात तुमच्या फाईल्स, प्रोग्रॅम, सेटिंग्ज असतात तो सगळा संसार.

टप्पा ५ : इनिट. कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्रॅम, ज्याचा नंबर कायम १ असतो. डेबियनमध्ये हे काम सिस्टिमडी करतं. घंटा वाजते, एकेक सेवा सुरू होतात, नेटवर्क येतं, लॉगिन येतं आणि शेवटी तुमचा प्रोजेक्टचा प्रोग्रॅम चालू होतो.

रास्पबेरी पायवर क्रम असाच, पण सुरुवात वेगळी. तिथे आधी ग्राफिक्सचा भाग जागा होतो आणि तो मुख्य प्रोसेसरला उठवतो. २०१९ च्या पाय ४ पासून बूटलोडरचा सुरुवातीचा भाग कार्डावर न राहता बोर्डवरच्या छोट्या मेमरीत गेला.

इन्स्टॉल कसं करायचं?

पीसीवर आपण पेन ड्राइव्ह लावतो, इन्स्टॉलर प्रश्न विचारतो, आपण 'नेक्स्ट' दाबत जातो. बोर्डवर असं सहसा नसतं. इथे आधीच तयार केलेली अख्खी सिस्टीम मिळते, जिला इमेज म्हणतात. ती जशीच्या तशी कार्डावर उतरवायची. बीगलबोनसाठी डेबियनची इमेज बीगलबोर्डच्या अधिकृत वेबसाईटवर फुकट मिळते.

पहिली गोष्ट, डाउनलोड झाल्यावर चेकसम तपासा. वेबसाईटवर दिलेला लांबलचक आकडा आणि तुमच्या फाईलचा आकडा जुळला पाहिजे. नेट मध्येच तुटलं असेल, तर हे इथेच कळतं.

दुसरी गोष्ट, इमेज फाईल गाणं कॉपी करतो तशी कार्डावर टाकून चालत नाही. हा सगळ्यात कॉमन गोंधळ. इमेजमध्ये विभाजनं, बूटलोडर, फाईल सिस्टीम सगळं जागच्या जागी मांडलेलं असतं. ते कार्डावर पहिल्या बाइटपासून तसंच उतरवायला बलेना एचरसारखं टूल लागतं. लिनक्सवाले 'डीडी' कमांड वापरतात, पण जपून. तिला चुकीच्या ड्राइव्हचं नाव दिलंत, तर ती काही न विचारता तुमच्या लॅपटॉपची डिस्क पुसून टाकेल.

तिसरी गोष्ट, इमेज कुठली घेताय ते नीट वाचा. एका प्रकारची इमेज थेट कार्डावरून चालते. दुसऱ्या प्रकारच्या इमेजला 'फ्लॅशर' म्हणतात. ती कार्डावरून सुरू झाली की स्वतःची प्रत ईएमएमसीवर लिहिते आणि तिथलं जुनं सगळं पुसते. नाव सारखंच दिसतं, परिणाम मात्र एकदम उलटा.

पक्कं इन्स्टॉल करायचं असेल तर फ्लॅशर घ्या. बोर्डची वीज काढा, कार्ड घाला, एस२ दाबून धरा, वीज द्या, निळे दिवे लागले की बटण सोडा. लिहिण्याचं काम चालू असताना ते चार दिवे इकडून तिकडे धावताना दिसतील. काही मिनिटांनी काम संपून बोर्ड बंद झाला आणि दिवे विझले, की वीज काढा आणि कार्डही काढा. कार्ड तसंच राहिलं, तर पुढच्या वेळी पुन्हा फ्लॅशिंग सुरू होण्याची शक्यता असते.

आता एक बारकावा. एस२ बटण फक्त वीज येते त्या क्षणीच वाचलं जातं. बोर्ड चालू असताना एस२ धरून नुसतं रिसेट दाबलं तर काही उपयोग नाही. वायर काढून पुन्हा लावावी लागते. तासन्‌तास डोकं धरून बसलेल्या अनेकांची अडचण एवढीच असते.

बोर्ड चालू झाला की यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा. विंडोज किंवा लिनक्सवरून तो १९२.१६८.७.२ या पत्त्यावर सापडतो. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे पासवर्ड बदलणं.

हे 'सांगायचं म्हणून सांगितलं' असं नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने कॅमेरे, डीव्हीआर, राउटर अशी लिनक्सवर चालणारी उपकरणं ताब्यात घेतली होती. त्यासाठी कुठलं मोठं हॅकिंग लागलं नाही. कारखान्यातून येणारे ६० हून अधिक डिफॉल्ट युजरनेम-पासवर्ड ते एकामागून एक लावून बघायचं, बस. २१ ऑक्टोबर २०१६ ला याच प्रकारच्या उपकरणांच्या फौजेने 'डिन' या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशा साईट्स अनेक ठिकाणी काही तास गंडल्या. लोकांच्या घरातल्या कॅमेऱ्यांनी ट्विटर बंद पाडलं, आणि मालकांना पत्ताही नव्हता.

अपडेट का करायचं आणि कुठे फसतं?

मिराईसारखे प्रकार रोखायचे तर अपडेट लागतंच. पण 'अपडेट' या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि तिन्हींची जोखीम वेगळी आहे.

पहिली, पॅकेजेसचं अपडेट. डेबियनमध्ये एपीटी हे टूल ते करतं. इथे 'अपडेट' कमांडने फक्त यादी ताजी होते, नवीन सॉफ्टवेअर बसतं ते 'अपग्रेड'ने. नुसतं अपडेट मारून 'माझं सगळं लेटेस्ट आहे' म्हणणारे कमी नाहीत. यात जोखीम कमी. मध्येच थांबलं, तरी अर्धवट काम पूर्ण करायला डीपीकेजीची एक कमांड पुरते.

दुसरी, कर्नल आणि डिव्हाइस ट्रीचं अपडेट. जोखीम मध्यम. दोघांची जोडी जुळली पाहिजे. नवा कर्नल अर्धवट लिहिला गेला, तर यू-बूटपर्यंत सगळं ठीक आणि पुढे अंधार. म्हणून जुना कर्नल लगेच पुसायचा नाही.

तिसरी, बूटलोडरचं अपडेट. सगळ्यात जास्त जोखीम, कारण साखळीची सुरुवातच बदलतोय. ठोस कारण नसेल तर चालता बूटलोडर छेडू नये.

या बोर्डच्या दोन खोडीही माहीत असू द्या. एक, जागा. ४ जीबीत सिस्टीम, तुमचा प्रोजेक्ट आणि डाउनलोड झालेली पॅकेजेस असं सगळं कोंबलेलं असतं. अपग्रेडच्या मध्येच जागा संपली तर लाईट न जाताही तोच घोळ होतो. आधी जागा बघा, एपीटीचा साठलेला कॅश साफ करा.

दोन, घड्याळ. बोर्डवर घड्याळाला बॅटरी नाही. वीज गेली की तारीख विसरली. मग बोर्डला वाटतं आपण जुन्या एखाद्या वर्षात आहोत आणि एपीटी तक्रार करतं की ही यादी तर 'भविष्यातली' आहे. सुरक्षित वेबसाईट्सची प्रमाणपत्रंही चुकीची वाटू लागतात. नेटवर्कवरून वेळ जुळू द्या, मग अपडेट करा.

आणि डेबियनच्या एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर उडी मारायची असेल, तर जागच्या जागी अपग्रेड करण्यापेक्षा फाईल्सचा बॅकअप घेऊन नवी इमेज उतरवणं बहुतेक वेळा सोपं पडतं. कुठलाही अपडेट करताना बोर्डला पॉवर बँक किंवा यूपीएसचा आधार असेल तर उत्तम. आणि बंद करताना वायर खेचू नका. पॉवरचं बटण दाबा, दिवे विझू द्या, मग वायर काढा.

बोर्ड 'मेला' तर काय करायचं?

आता परत त्या रात्रीकडे. लाईट आली, पण बोर्ड उठत नाही.

अशा वेळी होणारी ती चूक म्हणजे घाईघाईत फ्लॅशरचं कार्ड घालणं. बोर्ड पाच-दहा मिनिटांत ठणठणीत होतो, पण चार महिन्यांचा प्रोजेक्ट पुसला जातो. खरं तर त्या फाईल्स ईएमएमसीवर बहुधा शाबूत होत्या. अडला होता फक्त तिथपर्यंत जाणारा रस्ता.

म्हणून आधी निदान करा. यूएसबी-टू-सिरीयल केबल त्या सहा पिनांना जोडा. केबल ३.३ व्होल्टचीच हवी, ५ व्होल्टची लावली तर चिप खरंच जाऊ शकते. वेग ठेवा १,१५,२००. आता वीज द्या आणि स्क्रीनवर काय येतं ते वाचा.

पॉवरचा दिवाच लागत नसेल, तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. केबल आणि अडॅप्टर तपासा. अडॅप्टर ५ व्होल्टचाच हवा.

स्क्रीनवर इंग्रजी 'सी' हे अक्षर एकामागून एक येत असेल, तर खूश व्हा. रॉम जिवंत आहे. त्याला ईएमएमसीवर किंवा कार्डावर पुढचा प्रोग्रॅम सापडला नाही, म्हणून तो सिरीयलवरून 'मला कोणीतरी कोड द्या' असं ओरडतोय. अडलाय टप्पा २, बूटलोडर खराब आहे.

यू-बूटच्या ओळी येतात आणि मग फाईल सापडत नाही म्हणून थांबतं? टप्पा ३ पर्यंत सगळं ठीक आहे, कर्नल किंवा डिव्हाइस ट्री गायब आहे.

'स्टार्टिंग कर्नल' अशी ओळ येऊन शांतता? बहुधा डिव्हाइस ट्री चुकली, किंवा कर्नलला आपली बडबड कुठल्या पोर्टवर करायची ते चुकीचं सांगितलंय.

'कर्नल पॅनिक' आणि रूट जोडता येत नाही असा मेसेज? कर्नल ठीक आहे, रूट फाईल सिस्टीम खराब झाली आहे किंवा तिचा पत्ता चुकलाय.

लॉगिन येतं, पण तुमचा प्रोग्रॅम चालत नाही? मग बोर्डचा काही संबंध नाही, टप्पा ५ मध्ये तुमचीच सेवा अडली आहे. लॉग वाचा.

निदान झालं की सुटका. दुसऱ्या कार्डावर कार्डावरूनच चालणारी इमेज घ्या. पुन्हा सांगतो, फ्लॅशर नाही! वीज काढा, कार्ड घाला, एस२ धरा, वीज द्या. रॉम ईएमएमसीला वगळून कार्डावरून सिस्टीम उठवेल. आत गेलात की ईएमएमसी एखाद्या पेन ड्राइव्हसारखी बाजूला दिसेल. ती जोडा आणि सगळ्यात आधी प्रोजेक्टच्या फाईल्स बाहेर काढा. फाईल सिस्टीम जोडून घेत नसेल तर 'एफएससीके' हे दुरुस्तीचं टूल चालवा. फाईल्स सुरक्षित आल्या की मग बिनधास्त फ्लॅश करा. नियम साधा आहे : आधी फाईल, मग फ्लॅश.

एस२ न धरता नुसतं कार्ड घातलं तरी चालतं, असं कोणी सांगेल. अनेकदा चालतंही, कारण ईएमएमसीवरचं यू-बूट स्वतः कार्ड तपासतं. पण मग कर्नल कार्डावरचा आणि बूटलोडर मात्र ईएमएमसीवरचा जुनाच, अशी खिचडी होते. बूटलोडरच बिघडलेला असेल तर हा मार्ग बंद. एस२ धरणं कधीही चांगलं.

हे सगळं का जमतं? कारण साखळीची पहिली कडी पुसता येत नाही. कितीही वाईट अपडेट झालं, तरी शिपाई दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन येतोच. त्याला दुसरं गेट दाखवायचं काम आपलं.

मोठ्या कंपन्या काय करतात?

टेबलावरच्या बोर्डचं बटण दाबता येतं. पण शेतातल्या सेन्सरच्या खांबावर किंवा हजारो घरांतल्या सेट-टॉप बॉक्समध्ये बटण दाबायला कोण जाणार?

म्हणून तिथे ए-बी पद्धत वापरतात. मेमरीत सिस्टीमच्या दोन जागा ठेवायच्या. 'ए' चालू असताना अपडेट 'बी'वर लिहायचं. पूर्ण लिहून झालं, सही तपासली, की मगच यू-बूटला सांगायचं, पुढच्या वेळी 'बी'वरून उठ. लिहिताना लाईट गेली तरी 'ए' जशीच्या तशी आहे. आणि 'बी' नीट उठलीच नाही तर? यू-बूट प्रयत्न मोजत राहतं आणि ठरलेल्या संख्येनंतर आपोआप 'ए'वर परत येतं. सिस्टीम मध्येच गोठली, तर वॉचडॉग नावाचा टायमर ती रिसेट करतो. मेंडर, राउक, एसडब्ल्यूअपडेट ही अशा कामाची खुली साधनं आहेत.

अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१६ च्या नुगाट आवृत्तीपासून आली. फोन वापरता-वापरता मागे अपडेट बसतं आणि फक्त एकदा रीस्टार्ट मागतं, ते याच पद्धतीमुळे. किंमत म्हणजे जागा जास्त लागते. पण हजारो ठिकाणी माणूस पाठवण्यापेक्षा ती कधीही स्वस्त.

तर पुढच्या वेळी एखादा बोर्ड 'गेला' असा मेसेज ग्रुपवर आला, तर आधी एकच प्रश्न विचारा : सिरीयलवर काय दिसतंय? आणि तुमच्या स्वतःच्या बोर्डच्या डब्यात आजच तीन गोष्टी टाकून ठेवा : फ्लॅशर नसलेली इमेज उतरवलेलं एक कार्ड, ३.३ व्होल्टची सिरीयल केबल, आणि प्रोजेक्टच्या फाईल्सची एक प्रत बोर्डच्या बाहेर कुठेतरी. ही तिसरी गोष्ट असेल, तर पहिल्या दोन विसरल्या तरी व्हायवा होते.